लाल बटण

सकाळी आठच्या आत दुकानाचा फोन वाजला की आजही मी आधी मोटारसायकलची किल्ली शोधतो. दुकान उघडतं साडेनऊला. त्याच्या आधी ज्याला माझी आठवण होते, त्याचा फोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघडलेलं दुसरंच काहीतरी असतं. या धंद्यात पडलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाटूर फाट्यावर माझं मोबाईलचं दुकान आहे. आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते इतक्या पिढ्यांपूर्वीचं की आता मारवाडी बोलताना मला मधेच मराठी शब्द घ्यावे लागतात. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मी मात्र गादीवर बसायचं सोडून रेडिओ आणि टेप उघडून बसायचो. पोरगं वाया गेलं, असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. रेडिओ गेले, टेप गेले, मोबाईल आले आणि मी त्याच टेबलावर, त्याच भिंगाखाली मोबाईल उघडायला लागलो. लोक मला पारसशेठ म्हणतात. खिशाला कायम स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला शेठ या भागात मी एकटाच असेन.

मोबाईलचं दुकान म्हणजे तरण्या पोरांची गर्दी, असं बाहेरच्यांना वाटतं. पोरं येतात, कव्हर बघतात, नाकं मुरडतात आणि जातात. माझं खरं गिऱ्हाईक कुणाच्या तरी दंडाला धरून पायरी चढतं. मुलगा पुढं, मागं आई किंवा बाप. मुलगा म्हणतो, "यांच्यासाठी काहीतरी सोपं द्या." म्हातारं माणूस पंख्याकडं बघत बसतं.

सोपं म्हणजे काय, हे शिकण्यात माझी वीस वर्षं गेली. धावड्याचे एक तात्या वाटूरला लेकीकडं आले होते. जावयानं त्यांना मोठ्या पडद्याचा टच फोन घेऊन दिला होता. तीनदा माझ्याकडं आले, तीनदा तीच तक्रार. "शेठ, ह्ये यंत्र मला वळखत न्हाई." मी बोट लावलं की चाले, त्यांनी लावलं की ढिम्म. तिसऱ्या खेपेला मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. जन्मभर खुरपं आणि नांगराची मूठ धरून बोटांची कातडी कोरडी ठक्क आणि गुळगुळीत झालेली. पडद्याला त्या बोटाचा पत्ताच लागत नव्हता. तात्यांनी त्यावर स्वतःच उपाय काढला होता. पंचांगाचं पान उलटावं तसं ते बोट जिभेला लावून मग फोनला लावत. ते पाहिल्यावर मला हसू आलं आणि नंतर लाज वाटली. असे किती फोन मी मुलांच्या हट्टापायी म्हाताऱ्यांच्या गळ्यात मारले होते, ते माझं मलाच माहीत.

दुसरी एक आजी फोन कायम बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवायची. मुलगा तिकडं जीव टांगणीला लावून बसलेला आणि ही म्हणते, "वापरल्यावर झिजतो की रे. लागंल तवा काढीन." तिचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटलं नाही, पण मुलाच्या तोंडावर तसं म्हणता येईना.

अशा अनुभवांतून मी एक नियम केला. फोन म्हाताऱ्या माणसासाठी असेल, तर सोबतच्या नातेवाईकांनी समोरच्या हॉटेलात चहाला जायचं. लोकांना राग येतो. येऊ द्या. मुलासमोर विचारलं, "कळलं का?" की म्हातारी माणसं "कळलं" म्हणतात. या धंद्यातलं सगळ्यांत मोठं खोटं ते हेच. मुलगा चहाला गेला की मी काउंटरवर फोन ठेवतो आणि त्यांच्याकडून करून घेतो. उचला, ठेवा, लावा. मग विचारतो, "तुम्ही रोज कुणाशी बोलता? कवा बोलता? कसं बोलता?" या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर मी फोन निवडतो. आकडे मोठे, आवाज मोठा, बॅटरी उघडता येणारी. एक नंबरच्या बटणावर जवळचं माणूस, नऊ नंबरच्या बटणावर माझं दुकान. पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं माझा नंबर. हा नियम मी एकदाच मोडला.

गयाबाई आणि कौसाबाई या दोघी सख्ख्या बहिणी. कौसाबाई थोरली. तिचं सासर तीर्थपुरी. मूलबाळ नाही, नवरा गेलेला, एकटीच राहायची. गयाबाई वाटूरपासून तीनेक किलोमीटरवर शेतातल्या वस्तीवर. तिचाही नवरा गेला, तेव्हा दोघी मिळून माझ्याकडं आल्या. सोबत कुणी नाही, त्यामुळं चहाला पाठवायचा प्रश्नच नव्हता. दोघींनी एकसारखे बटणांचे फोन घेतले. हिच्या एक नंबरवर ती, तिच्या एक नंबरवर ही. जाताना कौसाबाई म्हणाली, "शेठ, आमाला बोलायला न्हाई लागत जास्त. आमचं आमी बसवतो." ते कसं बसवणार, हे मी तेव्हा विचारलं नाही. वाटलं, दोन म्हाताऱ्यांचं काहीतरी असेल.

त्यानंतर काही वर्षांनी, भाऊबीज झाल्यावर गयाबाईचा मुलगा दिगंबर दुकानात आला. पुण्याकडं कंपनीत नोकरीला, दिवाळीला गावी आलेला. रस्त्यावर गाडी उभी, गाडीत बायको आणि सामान. हातात आईचा फोन.

"काका, वैताग आला. मी फोन लावला की आई कट करती. दर वेळी. तिला लाल-हिरवं कळंना आता."

"आणि तिला बोलायचं असलं तर?"

"तवा लावती की ती सोता. चांगलं अर्धा अर्धा तास बोलती. पण मी लावला की कट. तिकडं मला झोप न्हाई लागत काका. पडली-बिडली तर कसं कळायचं? असं काही करा की फोन तिनं न उचलता उचलला जाईल."

तशी सोय त्या फोनमध्ये होती. एक रिंग झाली की फोन आपोआप चालू होतो, स्पीकरसकट. मी म्हणालो, "आईला आणतोस का?"

"ती कापूस वेचू राह्यली. आन् मला उशीर होऊन राह्यला काका. तुम्ही द्या लावून, मी वस्तीवर टाकतो आन् तसाच निघतो."

जी बाई स्वतः फोन लावून अर्धा तास बोलते, तिला लाल-हिरवं कळत नाही हे मला पटायला नको होतं. पण पोराचा चेहरा असा ओढलेला होता की मी फोन घेतला आणि सोय सुरू करून दिली. माझ्या फोनवरून लावून बघितलं. एक रिंग, आणि उचलला. झकास चालत होतं. मलाच माझं कौतुक वाटलं. दिगंबर माझ्या पाया पडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून गेल्यावर दुकानाचा फोन वाजला. तो मी घरीच आणून ठेवतो. तीर्थपुरीहून कौसाबाई होती. आवाज ओळखू येईना, इतकी घाबरलेली.

"शेठ, गयानं फोन उचलला!"

"मंग बरंच झालं की."

"बरं काय? उचलला आन् बोलंना! तीनदा लावला. तीनदा उचलला. गये, गये म्हणून राह्यले, आवाज न्हाई. कोंबड्या तेवढ्या ऐकू येऊ राह्यल्या. शेठ, पळ जल्दी. तिला बोलता येईना झालंय. मी निंघते इथून."

"मावशी, थांबा, मी..." फोन बंद झाला होता.

मी गयाबाईला लावला. एक रिंग, उचलला. "मावशी?" कोंबड्या. कुठंतरी भांडं वाजलं. "गयामावशी!" काही नाही. आपणच ती सोय लावून दिली आहे, फोन आपोआप उचलला जातो, हे मला माहीत होतं. पण तीन वेळा फोन वाजला आणि बाई एकदाही आली नाही, याचा अर्थ काय? चहा तसाच टाकून मी मोटारसायकल काढली. त्या तीन किलोमीटरात मी नको नको ते बघितलं. हौदापाशी पडलेली. पायरीवर पडलेली. आणि तिकडं दिगंबर फोन लावतोय, कोंबड्या ऐकतोय आणि समजतोय की सगळं ठीक आहे.

वस्तीवर पोचलो तर बाज रिकामी. खिडकीला डब्यात फोन लटकवलेला, कारण रेंज तेवढीच तिथं. मी हाका मारत घरामागं धावलो. गयाबाई कमरेला ओटी बांधून कपाशीत उभी होती. मला धावत येताना बघून तिच्या हातातला कापूस खाली पडला.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

मला हसावं की रडावं कळेना. मी बांधावरच बसलो. दम लागलेला असताना जमेल तसं सांगितलं. कौसामावशीचा फोन आला, तुम्ही उचलता पण बोलत नाही म्हणून.

"म्या कुठं उचलला? मी हौदावर भांडे घाशीत व्हते. दर वक्ताला एकदाच वाजून गप झाला, बोलणं काही ऐकू आलं न्हाई. मला वाटलं आक्काची रेंज गेली. पुन्हा वाजंल म्हणून वाट बघितली, मंग आले वेचायला." आणि मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. "शेठ, उचलला म्हनली ती? उचलला?"

तेव्हा मला त्यांचं ते 'बसवलेलं' कळलं. रोज सकाळी सातला कौसाबाई रिंग द्यायची आणि गयाबाई कट करायची. रोज सांजेला गयाबाई रिंग द्यायची आणि कौसाबाई कट करायची. कट केला म्हणजे उठले, चूल पेटली, बरी आहे. उचलला म्हणजे बरं नाही, ये. इतक्या वर्षांत दोघींपैकी कुणीही एकदाही उचलला नव्हता. दिगंबरचा फोनही ती त्याच हिशेबानं कट करायची. बरी आहे, तू तुझं काम कर. एवढं साधं उत्तर ती रोज देत होती आणि तो तिकडं रात्रंदिवस काळजी करत होता.

मी डब्यातून फोन काढला आणि ती सोय बंद केली. गयाबाई बघत होती.

"कोणी लावलं ते?"

"मी."

"मला इचारलं असतं तर?"

मी फोन तिच्या हातात दिला.

तिनं एक नंबरचं बटण दाबलं. आक्काला रिंग गेली. आम्ही दोघं त्या फोनकडं बघत उभे. रिंग वाजत राहिली. पूर्ण वाजून थांबली. कट झाली नाही. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. ऐंशीच्या घरातली बाई, रक्तदाबाची गोळी चालू, घाबरून एकटी घराबाहेर पडलेली. गयाबाई फोनशी बोलायला लागली, "कर की कट, आक्के. कर की." त्या वेळी मला जे वाटलं, ते माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तिला मागं बसवून मी फाट्यावर आलो. तीर्थपुरीहून कोणती गाडी मिळेल, मधे कुठं बदलावी लागेल, काही सांगता येत नव्हतं. एसटी आली, गेली. काळी-पिवळी जीप आली, त्यात नव्हती. दुसरी आली, त्यातही नव्हती. दुकान उघडायची वेळ झाली तरी मी शटर वर केलं नाही. गयाबाई रस्त्याच्या कडेला उभी, तिला बस म्हटलं तर बसेना. मी दर थोड्या वेळानं कौसाबाईचा नंबर लावत होतो आणि दर वेळी तो पूर्ण वाजत होता.

अकराच्या सुमाराला एका काळी-पिवळीतून कौसाबाई उतरली. डोक्यावरचा पदर घसरलेला, पायात दोन वेगळ्या चपला. फोन घरी ओट्यावरच राहिला होता. समोर बहीण उभी बघून ती जागीच थबकली. मग पुढं येऊन तिनं गयाबाईच्या खांद्यावर एक जोरात चापट मारली.

"उचललास काहून?" असं म्हणून ती रस्त्यातच रडायला लागली.

दोघींना दुकानात आणून बसवलं. पाणी दिलं. कौसाबाईनं आधी बहिणीला प्यायला लावलं. मी खरं काय ते सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"शेठ, तू तर बाकीच्यायला च्या प्यायला पाठवून म्हाताऱ्यायला इचारतोस म्हनं. मंग आमालाच काहून न्हाई इचारलं?"

दिगंबरला मीच फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हंजे काका, आई मला रोज सांगू राह्यल्ती." त्या दिवसापासून त्यानंही सकाळची रिंग सुरू केली. आक्काची सातला, दिगंबरची सव्वासातला. गयाबाई दोन्ही कट करायची. तो कंपनीच्या गेटवर उभा राहून कट व्हायची वाट बघायचा आणि मग आत जायचा.

हे दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मागच्या थंडीत एका सकाळी मी दाढी करत होतो. फोन वाजला. दिगंबर.

"काका, आईनं फोन उचलला."

माझ्या हातातलं ब्लेड तसंच राहिलं.

"आज सुट्टी, घरीच हाय. बायकोच्या फोनवरून बोलतोय. माझ्या फोनवर लाईन चालूच हाय. आई बोलंना. नुसता श्वास ऐकू येऊ राह्यला. काका, ते तुमचं सेटिंग..."

"नाही रे. ते मी स्वतः काढलंय. निघालो मी."

अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन मी गेलो. या वेळी रस्त्यात मी काही डोळ्यांसमोर आणलं नाही. येऊच दिलं नाही.

गयाबाई ओट्यावर बसलेली होती. धडधाकट. मांडीवर फोन, पडद्यावर वेळ पुढं पुढं सरकत होती, म्हणजे लाईन चालू होती. मी समोर बसलो.

"मावशी, काय झालं?"

"आक्का गेली." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "येळंच्या आदीच वाजला फोन. सहालाच. आक्काचा नंबर दिसला, पन ही काय तिची येळ न्हाई. म्हनून उचलला. तिचा पुतन्या व्हता. झोपंतच गेली म्हने."

मी तिच्या हाताला धरलं.

"मंग दिगूची रिंग आली. मी बोट ठुलं लालवर. पन कट करू वाटंना, शेठ. कट केला म्हंजे बरं हाय म्हनायचं. पोराला खोटं कसं सांगू?"

मांडीवरून बारीक आवाज आला. "आई, मी हाय. ऐकू राह्यलो मी." आता तो आवाज तिला ऐकू गेला की नाही कोण जाणे. तिनं फोनवर हात ठेवला. मी स्पीकर मोठा केला. "काका, कट करू नका," दिगंबर म्हणाला. "मी गाडी काढू राह्यलो. बायको चालवील, मी लाईनवरच राहतो."

मी जीप मागवली आणि गयाबाईला घेऊन तीर्थपुरीला निघालो. बॅटरी एक काडी उरली होती म्हणून गाडीतच चार्जर लावला. सगळा रस्ता फोन तिच्या मांडीवर चालू होता. मायलेक फारसं बोलत नव्हते. मधेच दिगंबर म्हणायचा, "आई, हाय ना?" आणि ती म्हणायची, "हाय." एवढंच.

तीर्थपुरीच्या अलीकडं रेंज गेली. फोन टुकटुक वाजून बंद पडला. गयाबाईनं दचकून माझ्याकडं बघितलं.

"त्यानं कट केला?"

"नाही मावशी. रेंज गेली. तो कट करणार नाही."

"मंग लाव पुन्हा."

पुढच्या चढावर रेंज आली. मी लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.